चष्म्याच्या काचांवर पावसाळ्यात धरणारी वाफ : नेमके कारण आणि टिकणारा उपाय

मृद्गंध (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ९.१०

मी कोथरूडला राहते आणि कामासाठी रोज बाणेरला जाते. आठवड्यातून तीन दिवस वातानुकूलित बस आणि उरलेले दिवस स्कूटर, असा माझा प्रवास असतो. चष्मा इयत्ता सहावीपासून आहे आणि आता चाळिशी उलटल्यामुळे तो प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेतून दूरचे आणि जवळचे दिसणारा, झाला आहे. जून सुरू झाला की माझ्या काचा दिवसातून चार वेळा तरी आंधळ्या होतात : बसमधून उतरताना, स्कूटरवर चेहऱ्याला स्कार्फ बांधून सिग्नलला थांबल्यावर, कुकरचे झाकण उघडताना आणि दवाखान्यात मास्क लावून बसले असताना. यांपैकी बसचा प्रसंग मला सर्वांत धोकादायक वाटतो, कारण पायरी उतरण्याच्या नेमक्या क्षणी समोरचे काही दिसत नाही आणि मागून माणसे ढकलत असतात.

उपाय शोधताना मी दोन चष्म्यांची वाट लावली आहे, हे प्रांजळपणे सांगते. पहिल्यावर कुणाच्या तरी सल्ल्याने टूथपेस्ट घासली, त्यामुळे काचांवर बारीक चरे पडले आणि रात्री समोरच्या गाडीचा दिवा फिस्कटल्यासारखा दिसू लागला. दुसरा चष्मा कडकडीत पाण्याने धुतला. त्याच्या कोटिंगवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटल्या. आता तिसरा चष्मा प्रयोगाला देण्याआधी येथील जाणकारांना विचारते आहे. वाफ नेमकी का धरते आणि काचांना अपाय न करणारा एखादा उपाय आहे का?

शनिवारपेठी | सोमवार, रात्री ९.३२

चष्मा काढावा, धोतराच्या सोग्याला पुसावा आणि पुन्हा लावावा. आमच्या वडिलांनी साठ वर्षे हेच केले आणि ते कुठेही धडपडले नाहीत. अर्थात त्यांच्या काळी बस वातानुकूलित नव्हती आणि तीतून उतरण्याची घाईही कुणाला नव्हती, हे मान्य करतो.

रसनळी | सोमवार, रात्री ११.०५

मृद्गंधताई, आपण सांगितलेले चार प्रसंग वरवर एकच वाटतात, पण त्यांचे दोन गट पडतात. ते वेगळे केले नाहीत तर एका गटाचा उपाय दुसऱ्याला लावून निराशा पदरी येते.

हवेत जेवढे बाष्प असते त्यानुसार एक तापमान ठरलेले असते, त्याला दवबिंदू म्हणतात. कोणताही पृष्ठभाग त्या तापमानापेक्षा थंड असेल तर हवेतील बाष्प त्यावर पाणी होऊन बसते. पुण्यात जुलैच्या संध्याकाळी तापमान २६ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू २३ अंशांच्या थोडा वर येतो. आपल्या बसमध्ये थंड हवेचा झोत थेट तोंडावर येत असेल, तर चेहऱ्याच्या उबेनंतरही काच २१-२२ अंशांपर्यंत उतरलेली असते. दार उघडले की बाहेरची हवा तिच्यावर ओली होते. उलट मे महिन्यात दुपारी ३८ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना दवबिंदू ११ अंशांच्या आसपास असतो, म्हणून त्याच बसमधून उतरताना काचेवर काहीही धरत नाही. आपल्या तक्रारीची सुरुवात जूनपासून का होते, याचे उत्तर एवढेच आहे. मुंबईला किंवा कोकणात उतरणाऱ्यांना हा त्रास मे महिन्यातही होतो, कारण तिथली हवा तेव्हाही दमट असते.

स्कार्फ आणि मास्क यांचा गट वेगळा आहे. आपण सोडलेला श्वास सुमारे ३४ अंशांचा आणि बाष्पाने जवळजवळ भरलेला असतो. तो बाहेरच्या हवेत न मिसळता नाकाच्या बाजूने सरळ काचेवर गेला, तर काच ३० अंशांची असली तरी ओली होणारच. त्यामुळे मास्कची वाफ मे महिन्यातही धरते आणि डिसेंबरमध्ये, पहाटे पारा १० अंशांवर आलेला असताना, तर विचारूच नका. कुकरची वाफ याच गटातली, फक्त अधिक उग्र.

तेव्हा पहिल्या गटात काच गरम ठेवणे आणि दुसऱ्या गटात वाफेची वाट वळवणे, हे मूळ उपाय आहेत. काचेला काही लावण्याचा विचार त्यानंतर करावा, असे माझे मत आहे. बसमध्ये आपला थांबा येण्याच्या चार-पाच मिनिटे आधी डोक्यावरचा झोत बाजूला वळवून पाहा. तो वळत नसेल तर बसल्या जागी चष्मा काढून दोन्ही तळव्यांच्या ओंजळीत धरा, म्हणजे काच तीन-चार अंशांनी वर येईल. आपल्याला तेवढेच अंश हवे आहेत. स्वतःची मोटार असेल तर घर जवळ आल्यावर एसी बंद करून खिडकी थोडी उघडावी.

मृद्गंध | मंगळवार, सकाळी ८.१५

रसनळी, मनापासून आभार. मे आणि जुलै यांतला फरक मी वर्षानुवर्षे पाहत होते, पण त्याचा विचार कधी केला नव्हता. आणखी एक शंका आहे. माझा जुना, साध्या काचांचा चष्मा इतका धुरकट होत नसे. नवा घेताना दुकानदाराने 'यावर पाणी थांबतच नाही' असे सांगून महागडे कोटिंग दिले होते. मग याच्यावरच वाफ अधिक कशी धरते? मी तक्रार घेऊन गेले, तर 'तुमचा श्वास जास्त गरम असेल' असे उत्तर मिळाले.

काचकाम | मंगळवार, दुपारी २.४०

मी लक्ष्मी रस्त्याच्या परिसरात तीस वर्षे काचा घासण्याचे आणि फ्रेममध्ये बसवण्याचे काम केले आहे, म्हणून या प्रश्नावर लिहितो. दुकानदाराने आपल्याला खोटे सांगितले नाही, परंतु अर्धेच सांगितले.

चकाकी कमी करणाऱ्या कोटिंगवर हल्ली सर्वांत वर एक निसरडा थर देतात. त्यावर पाण्याचा थेंब पसरत नाही, मोत्यासारखा गोल उभा राहतो आणि चष्मा कलला की घरंगळून जातो. पावसाच्या मोठ्या थेंबासाठी हे उत्तम आहे. पण वाफेचे थेंब इतके बारीक असतात की त्यांना घरंगळण्याइतके वजनच नसते. ते हजारोंच्या संख्येने गोल गोल उभे राहतात, प्रत्येक थेंब प्रकाश भलतीकडे वळवतो आणि आपल्याला पांढरा पडदा दिसतो. तेच पाणी काचेवर सपाट पसरले असते तर ते असूनही आपल्याला आरपार दिसले असते. म्हणजे वाफेसाठी हवी ती काच पाणी झटकणारी नव्हे, तर पाणी पसरू देणारी. वाफरोधक म्हणून जे वेगळे कोटिंग मिळते त्याचे काम हेच असते. त्यांपैकी काहींना ठरावीक दिवसांनी सोबतचे द्रव लावून पुन्हा जागे करावे लागते, म्हणून घेण्यापूर्वी ते विचारून घ्यावे.

आपल्या दोन्ही अपघातांविषयी सांगायचे तर टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी खरखरीत पूड असते आणि प्लॅस्टिकच्या काचेपुढे ती पॉलिशपेपरच ठरते. खाण्याच्या सोड्याचेही तेच. कडक पाण्याची गोष्ट वेगळी आहे. उष्णतेने प्लॅस्टिकची काच जितकी फुगते तितके तिच्यावरचे कोटिंग फुगत नाही, त्यामुळे त्याला तडे जातात. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवला तरी हेच होते आणि असे चष्मे दर उन्हाळ्यात दुरुस्तीला येतात, जरी त्यांची दुरुस्ती होत नसते. जाता जाता सांगतो, नेलपॉलिश काढण्याच्या द्रवातील अॅसिटोन पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकच्या काचेला खातो, त्यामुळे तो जवळही आणू नये.

एक गोष्ट मात्र दुकानात फुकट होते आणि ती कुणी मागत नाही. फ्रेम गालाला टेकलेली असेल आणि काच पापण्यांच्या अगदी जवळ असेल, तर आतली ओली हवा कोंडून राहते. नोजपॅड, म्हणजे नाकावर टेकणारे छोटे पॅड, असलेल्या धातूच्या फ्रेममध्ये ते पॅड किंचित जवळ घेऊन चष्मा दोन-तीन मिलिमीटर पुढे आणता येतो. आपला चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, म्हणून हे काम स्वतः पक्कड घेऊन करू नका. काचेतील दुरचा आणि जवळचा भाग डोळ्यांच्या रेषेतून हलला तर वाफ जाईल आणि डोकेदुखी येईल.

हडपसर_ते_हिंजवडी | मंगळवार, रात्री ८.२०

हेल्मेटविषयी लिहितो, कारण रोजचे दोन-अडीच तास मी त्यातच काढतो. गाडी चालू असते तोवर वाऱ्याने काचा मोकळ्या राहतात आणि सिग्नलला थांबताच दोन्ही, म्हणजे चष्मा आणि हेल्मेटची काच, एकदम जातात. त्यावर तीन गोष्टींचा उपयोग झाला. थांबताना हेल्मेटची काच एक खटका वर करणे, हनुवटीजवळची झडप पावसातही उघडी ठेवणे आणि नाकावर बसणारा रबरी वळवणारा तुकडा असलेले हेल्मेट घेणे, ज्यामुळे श्वास खाली जातो. हेल्मेटच्या काचेला आतून बसणारा दुहेरी पडदाही मिळतो. मधल्या हवेच्या थरामुळे आतली बाजू थंड होत नाही. परंतु तो हेल्मेटच्या काचेपुरता आहे, चष्म्याला त्याचा थेट लाभ नाही.

स्कार्फविषयी मला अनुभव नाही. माझ्या पत्नीचे म्हणणे असे की तो नाकावरून घट्ट ओढून डोळ्यांखाली मोकळा सोडला की सगळा श्वास वरच येतो. ती नाकाच्या हाडावर चष्म्याच्या पॅडखाली स्कार्फची कड दाबते आणि हनुवटीखाली तो सैल ठेवते. पुण्यातल्या मुली इतकी वर्षे स्कार्फ बांधत आहेत, तेव्हा हे शास्त्र त्यांनीच लिहायला हवे.

निवृत्त_भूलतज्ज्ञ | मंगळवार, रात्री १०.५०

वरील प्रतिसादातील कड दाबण्याची युक्ती अगदी बरोबर आहे आणि शस्त्रक्रियागृहात आम्ही वर्षानुवर्षे तेच करत आलो. मास्कच्या वरच्या कडेतील धातूची पट्टी एका हाताच्या चिमटीने दाबू नये, कारण त्यामुळे मध्ये टोक येते आणि दोन्ही बाजूंना फटी राहतात. दोन्ही हातांची बोटे नाकाच्या हाडापासून गालाकडे फिरवत ती बसवावी आणि चष्मा मास्कच्या कडेवर ठेवावा. एन-९५ लावल्यावरही काचांवर वाफ येत असेल तर चष्म्याला दोष देऊ नका. तो मास्क नाकापाशी नीट बसलेला नाही, याची ती खूण आहे.

साबणाच्या पाण्याचा उपाय घरगुती म्हणून हिणवला जातो, पण त्याला वैद्यकीय लेखनातही स्थान मिळाले आहे. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकात २०११ मध्ये एक छोटे टिपण आले होते. मास्क लावण्यापूर्वी काचा साबणाच्या पाण्याने धुवाव्यात, जादा पाणी झटकावे आणि त्या हवेत सुकू द्याव्यात किंवा मऊ टिश्यूने हलकेच टिपाव्यात, एवढाच त्यातील मजकूर. करोनाच्या काळात ते जगभर फिरले. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना पोटाच्या उबदार, ओल्या पोकळीत थंड दुर्बीण घातली की तिच्यावरही वाफ धरते, म्हणून ती आधी गरम सलाइनमध्ये बुडवून ठेवतात. रसनळी यांचा ओंजळीचा उपाय त्याच जातीचा आहे.

टिळकतलाव_पहाटेची_तुकडी | बुधवार, सकाळी ७.५५

आम्ही पोहणारे गॉगलला आतून थुंकी लावून पाण्यात खंगाळतो. हे ऐकून शनिवारपेठी यांना शिसारी येईल, पण त्याने तासभर स्वच्छ दिसते. यामागे तेच कारण आहे का?

रसनळी | बुधवार, दुपारी १.३०

तेच कारण आहे. लाळेतील प्रथिनांमुळे काचेवर पाणी पसरू लागते. मात्र नव्या गॉगलला आतून कारखान्यातच असा थर दिलेला असतो. त्यावर बोट घासले की तो निघून जातो, म्हणून गॉगल नवा असेपर्यंत आत बोट घालू नये.

साबणाचे गणित थोडक्यात असे. पाण्याचा पृष्ठताण २५ अंशांना मीटरमागे सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो आणि तोच थेंबाला गोल राहायला लावतो. साबण तो निम्म्याच्याही खाली आणतो, त्यामुळे थेंब मोडून पातळ पापुद्रा होतो. बटाट्याची फोड, दाढीचा फेस, बाळाचा शाम्पू असे जे जे उपाय सांगितले जातात, त्यांतील चालणारे सगळे उपाय याच एका कामाची वेगवेगळी सोंगे आहेत. बटाट्याचा स्टार्च काचेवर डाग ठेवतो, म्हणून तो मी बाद करतो.

हा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, याचे उदाहरण अवकाशातले आहे. ५ जून १९६६ रोजी अमेरिकेच्या जेमिनी ९-ए यानातून बाहेर पडलेले अंतराळवीर युजीन सर्नन दोन तासांहून थोडा अधिक काळ यानाबाहेर होते. श्रमाने त्यांच्या अंगाची उष्णता आणि घाम इतका वाढला की पोशाखाची थंड करणारी व्यवस्था अपुरी पडली आणि शिरस्त्राणाची काच आतून पूर्ण धुरकटली. हात आत जाणे शक्यच नव्हते, म्हणून त्यांनी नाकाने काच घासून पाहण्यापुरते छिद्र केले. नासाने पुढे काचेसाठी जे मिश्रण तयार केले त्यात द्रव डिटर्जंट, शुद्ध पाणी आणि आग न पकडणारे तेल होते. म्हणजे तिथेही शेवटी भांडी घासण्याच्या मोरीतलीच वस्तू कामाला आली.

शनिवारपेठी | बुधवार, दुपारी ३.०५

शिसारी आली, परंतु सर्नन यांच्या नाकाविषयी वाचून ती गेली. आता एक गंभीर प्रश्न विचारतो. आमच्या घरी दागिने आणि रेशमी वस्त्रे आजही रिठ्याने धुतली जातात. चष्म्याला रिठा चालेल का?

काचकाम | बुधवार, सायंकाळी ६.१०

रिठ्याला फेस येतो तो त्यातील सॅपोनिनमुळे, आणि सॅपोनिन पृष्ठताण कमी करतेच. तेव्हा तत्त्वतः चालेल. माझी हरकत त्याच्या गाळाला आहे. सालीचा एखादा बारीक कण काचेवर राहिला आणि आपण बोट फिरवले, तर चरा पडलाच म्हणून समजा. वापरायचाच असेल तर पाणी दुहेरी पंचातून गाळून घ्या. माझ्यापुरते म्हणाल तर भांड्यांच्या द्रव साबणाचा एक थेंब सोपा पडतो. अंगाच्या साबणात मलई किंवा तेल घातलेले असते आणि त्याने काच तेलकट होते, म्हणून तो नको.

अभ्यासू_वाचक | बुधवार, रात्री ९.४५

बाजारात वाफरोधक फवारे आणि पुसण्याची फडकी मिळतात. ती घ्यावीत का?

निवृत्त_भूलतज्ज्ञ | बुधवार, रात्री ११.१५

काम करतात, परंतु मी घेत नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये असे चार फवारे आणि पाच फडकी तपासली होती. त्या नऊही उत्पादनांत पीएफएएस वर्गातील फ्लोरीनयुक्त रसायने आढळली, आणि ती निसर्गात सहजासहजी नष्ट होत नाहीत. डोळ्यांपासून बोटभर अंतरावर, तेही रोज, अशी वस्तू फवारण्याचे कारण मला दिसत नाही, विशेषतः साबणाचा थेंब घरात असताना.

मृद्गंध | पुढील गुरुवार, रात्री ८.३०

आठ दिवस प्रयोग करून मगच लिहायचे ठरवले होते. डाव्या काचेला साबण आणि उजवी नुसत्या पाण्याने धुतलेली, असा चष्मा मी रोज घातला. पहिल्या दिवशी साबणाचा थेंब बोटाने दोन्ही बाजूंना लावून तसाच सुकू दिला आणि मऊ कपड्याने पुसला. बसमधून उतरताना उजव्या डोळ्यापुढे पांढरा पडदा आणि डाव्या डोळ्याला थांब्याची पाटी स्पष्ट, हे दृश्य मी विसरणार नाही. पण त्याच रात्री स्कूटरवर समोरच्या दिव्यांभोवती डाव्या डोळ्याला रंगीत वलये दिसली. साबणाचा थर जाड राहिला होता.

दुसऱ्या दिवसापासून पद्धत बदलली. साध्या पाण्याखाली आधी धूळ धुऊन घेतली, मग एक थेंब साबण दोन्ही बाजूंना बोटाच्या पेराने हलके फिरवला, एकदाच झरकन पाण्याखालून काढला, झटकला आणि चष्मा टॉवेलवर उलटा ठेवून आपोआप सुकू दिला. कपडा लावलाच नाही. वलये गेली आणि डावी काच संध्याकाळपर्यंत मोकळी राहिली. ज्या दिवशी पाऊस थेट काचेवर आला त्या दिवशी मात्र साबण धुऊन गेला आणि दुपारनंतर दोन्ही काचा सारख्याच धुरकट झाल्या. म्हणजे हा उपाय एका दिवसाचा आहे आणि तो रोज सकाळी दात घासताना करावा लागतो.

कुकरपुढे साबण हरला. झाकण स्वतःकडे न उघडता पलीकडच्या बाजूने उचलले की वाफ भिंतीकडे जाते, हे मला सासूबाईंनी सांगितले, तेही 'इतकी वर्षे स्वयंपाक करतेस आणि आता कळले का?' या पुरवणीसह. उकडीच्या मोदकांच्या वेळी याची खरी परीक्षा होईल.

नोजपॅड दुकानातून दोन मिलिमीटर पुढे घेऊन आले आणि वाचण्याचा भाग जागेवर आहे ना, हे तिथेच पेपर वाचून पाहिले. सर्वांत मोठा फरक मात्र ओंजळीनेच पडला. शेवटचे तीन दिवस उजव्या काचेला साबण नसतानाही ती बसमधून उतरताना धुरकटली नाही, कारण बाणेरच्या आधीच्या थांब्यापासून मी चष्मा तळव्यांत धरून बसले होते. शेजारच्या बाईंनी चष्मा हरवला का, असे विचारले.

रानवाट | पुढील शुक्रवार, सकाळी ६.५०

उशिरा आलो, पण सिंहगडाची बाजू राहिली आहे म्हणून लिहितो. आतकरवाडीच्या वाटेने पावसाळ्यात चढताना अंग तापलेले असते आणि घामाचे बाष्प गळ्यापासून वर येते. चालत असताना वारा ते नेतो, पण दम खायला थांबलो की एका मिनिटात काचा जातात. म्हणून मी थांबताच चष्मा कपाळावर न सरकवता नाकाच्या शेंड्यावर आणतो. कपाळावर घाम असतो आणि काच आणखी ओली होते. साबणाचा उपाय इथे चालतो तो ढग लागेपर्यंतच. पुणे दरवाजाच्या जवळ ढगात शिरलो की पाणी बाहेरून येते आणि साबण वाहून जातो. त्या टप्प्यावर पुढे छज्जा असलेली टोपी घालतो आणि सुती रुमाल प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा ठेवतो. खिशातला रुमाल तोवर चष्म्यापेक्षाही ओला झालेला असतो.

मृद्गंध | पुढील शुक्रवार, सकाळी ९.२०

रुमालाची पिशवी आजच पर्समध्ये टाकली. रविवारी गडावर जाण्याचा बेत आहे, तेव्हा यावेळी दोन्ही काचांना साबण लावून निघेन.